विटेत मुरलेली लघवी: डाग आणि वास मुळापासून कसा काढायचा

फरशी पुसली, सुगंधी द्रव फिरवलं, दोन दिवस बरं वाटलं. मग हवा दमट झाली आणि तोच उग्र वास पुन्हा उठला. विटांच्या ओट्यावर, अंगणात किंवा उघड्या विटांच्या भिंतीवर कुत्र्या-मांजराने लघवी केली की बहुतेक घरांत असंच होतं. सफाई कमी पडलेली नसते. ती वरच्यावर झालेली असते आणि घाण आत असते.

वीट पाणी पिते. भट्टीत भाजताना तिच्यात लाखो बारीक छिद्रं तयार होतात आणि ती एकमेकांना जोडलेली असतात. साधी भाजलेली वीट स्वतःच्या वजनाच्या १० ते २० टक्के पाणी शोषू शकते. म्हणजे तीन किलोची वीट पूर्ण भिजली तर ३०० ते ६०० मिली पाणी पोटात घेते. दुसरीकडे २० किलोचा निरोगी कुत्रा दिवसभरात साधारण ४०० ते ८०० मिली लघवी करतो. तो रोज एकाच कोपऱ्यात जात असेल तर महिनाभरात त्या चार-पाच विटांत किती मुरलं असेल याचा अंदाज येतो. अशा विटेवर स्प्रेच्या बाटलीने चार फवारे मारून काही होत नाही. लघवी जितकी खोल गेली तितकंच खोल औषध गेलं पाहिजे, आणि आत जे सुटं होईल ते बाहेर ओढून काढलं पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी याच हिशोबाने लिहिली आहे.

आत नेमकं काय असतं

लघवीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडून जातं आणि मागे तीन वेगळ्या अडचणी राहतात. त्या तिन्हींवर एकच उपाय चालत नाही.

पहिली अडचण रंगाची. लघवीतली पिवळी रंगद्रव्यं विटेच्या वरच्या थरात आणि सांध्यांत बसतात. फिकट विटेवर ती पिवळट-तपकिरी दिसतात, लाल विटेवर काळपट ओल्या डागासारखी.

दुसरी अडचण वासाची. ताज्या लघवीला फार वास नसतो. तिच्यातल्या युरियाचे जिवाणू तुकडे करतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि नाकाला झोंबणारा तो वास येतो. मांजरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. मांजराच्या लघवीत, आणि बोक्याच्या लघवीत जास्तच, फेलिनीन नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो. तो हळूहळू फुटतो आणि त्यातून गंधकाची तीव्र वासाची संयुगं तयार होतात. म्हणून बोक्याने फवारलेली भिंत काही दिवसांनी पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाण वास मारते.

युरिक आम्लाचे खडे हेच वासाचं मूळ, असं बरेचदा सांगितलं जातं. पण कुत्र्या-मांजरांच्या शरीरात युरिक आम्लाचं बहुतांशी अॅलँटॉइनमध्ये रूपांतर होतं आणि ते पाण्यात सहज विरघळतं. डाल्मेशियन जातीचे कुत्रे याला ठळक अपवाद आहेत, त्यांच्या लघवीत युरिक आम्ल खरोखरच जास्त असतं. बाकीच्यांच्या बाबतीत त्या खड्यांच्या मागे लागण्याची गरज नाही.

तिसरी अडचण क्षारांची, आणि हिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लघवीतले क्षार विटेत साचतात. शिवाय अमोनियापासून जिवाणू पुढे नायट्रेट बनवतात. जुन्या गोठ्यांच्या भिंतींना लोणा लागतो तो यामुळेच. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. कोरड्या दिवसांत वीट शांत असते, दमट हवेत तोच चौकोन ओला दिसू लागतो आणि ओलाव्याबरोबर वास वर येतो. एन्झाइम, म्हणजे लघवीची घाण पचवून तोडणारं सफाईचं द्रव, क्षार पचवत नाही, ब्लीच त्यांना हात लावत नाही. ते ओढूनच काढावे लागतात.

आधी हे बाजूला ठेवा

ब्लीच वापरू नका. त्याची लघवीतल्या अमोनियाशी गाठ पडली की क्लोरामाइन वायू तयार होतात. ते डोळ्यांत आणि छातीत जळजळ करतात, आणि बंद खोलीत खरोखर धोकादायक ठरतात. व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल मिसळलं गेलं तर ब्लीचमधून क्लोरीन सुटतो. एवढा धोका पत्करूनही विटेच्या आतला वास जात नाही, उलट ब्लीचमधले सोडियमचे क्षार विटेत जमा होतात.

हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे संडास साफ करण्याच्या द्रवांत असतं ते, विटेपासून दूर ठेवा. ते सांध्यांतला चुना आणि सिमेंट खातं. काही विटांवर त्याने लोखंडाचे पिवळे-तपकिरी किंवा व्हॅनेडियमचे हिरवट डाग उमटतात आणि ते मूळ डागापेक्षा चिवट असतात. राखेच्या विटा आणि वाळू-चुन्याच्या विटा तर आम्लाने थेट झिजतात.

फिनाइलचा मोह सर्वांनाच होतो. पण फिनॉलवर आधारलेली जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात, कारण असे पदार्थ शरीराबाहेर टाकण्याची त्यांच्या यकृताची क्षमता फारच कमी असते. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि औषध पोटात जातं. घरात मांजर असेल तर हे कायमचं बंद करा. अमोनिया असलेले काचसफाईचे द्रवही इथे नकोत. त्यांचा वास लघवीसारखाच असतो आणि प्राण्याला तो ‘इथेच करायचं’ असा निरोप वाटू शकतो.

तारेचा ब्रश विटेची भाजलेली, कडक वरची कातडी खरवडतो. तुटलेले लोखंडी कण छिद्रांत अडकतात आणि पुढे गंजतात. जोराच्या दाबाच्या पाण्याने सांध्यांतला मसाला निघतो आणि घाण आणखी आत ढकलली जाते. वाफेचं यंत्र आणि उकळतं पाणीही नको. वाफेने ओलावा खोल जातो, उष्णतेने वास भपकन उठतो आणि नंतर टाकायच्या एन्झाइमला आतली गरम वीट मारून टाकते.

व्हिनेगरबद्दल थोडं सविस्तर, कारण घरगुती उपायांत तेच आधी सुचवलं जातं. ते अमोनिया निष्प्रभ करतं, त्यामुळे ताबडतोब फरक जाणवतो. पण न फुटलेला युरिया जागेवरच राहतो आणि आठवड्याभरात नवा अमोनिया तयार होतो. शिवाय चुन्याच्या सांध्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. ते बुडबुडे म्हणजे घाण नाही, तुमचा मसाला विरघळतो आहे. वापरायचंच असेल तर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घ्या, वीट आधी साध्या पाण्याने भिजवून घ्या आणि पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाका. आमच्या मते ही पायरी गाळली तरी काही बिघडत नाही.

तपासणी: डाग कुठवर गेला आहे

विटेवर चमचाभर पाणी टाका. मिनिटभरात पाणी आत गेलं तर वीट उघडी आहे आणि लघवीही तशीच आत गेली आहे. थेंब वर टिकून राहिले तर विटेवर सीलर, म्हणजे पाणी अडवणारं लेपन, किंवा पॉलिश आहे. तेव्हा औषधही आत जाणार नाही, आणि आधी बघावं लागेल की सीलर कुठे निघालेला आहे. बहुधा सांध्यातच निघालेला असतो आणि लघवी तिथूनच शिरलेली असते.

त्यानंतर अंधार पडल्यावर अतिनील टॉर्च घ्या. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा कुठलाही चालतो. वाळलेली लघवी त्याच्या प्रकाशात पिवळट-हिरवट चमकते. साबणाचा थर, काही क्षार आणि चुन्याचे डागही चमकतात, म्हणून चमक दिसली की जवळ जाऊन वास घ्यायचा. खात्री होत नसेल तर तेवढ्या भागावर कोमट पाण्याचा हलका फवारा मारा. लघवी असेल तर अर्ध्या मिनिटात वास उठतो. डागाची कड खडूने आखा आणि तिच्याबाहेर १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर दुसरी रेघ मारा. काम बाहेरच्या रेघेपर्यंत करायचं, कारण लघवी विटेच्या आत बाजूलाही पसरते.

उभ्या भिंतीवर मांजराचा फवारा साधारण टाचेपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर असतो. कुत्र्याचा पट्टा त्याच्या आकारानुसार कमी-जास्त. वास मात्र भिंतीच्या पायथ्याशी सर्वांत जास्त येतो. ओघळ तिथे पोचतो आणि भिंत व फरशीच्या कोपऱ्यातल्या फटीत साचतो. तो कोपरा विसरला की बाकीची मेहनत वाया जाते.

हातात रबरी मोजे घाला, धुताना चष्माही लावा. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू पसरू शकतात आणि ते ओल्या जागी टिकतात. हाताला जखम असेल तर ती आधी झाका.

ताजी लघवी असेल तर

पहिल्या दहा मिनिटांत केलेलं काम पुढच्या दहा दिवसांचं काम वाचवतं. आधी पाणी ओतू नका, ते लघवीला आत घेऊन जाईल. जुन्या सुती फडक्याची किंवा कागदी टॉवेलची जाड घडी ठेवून वर पाय देऊन उभे राहा, घडी बदला, पुन्हा दाबा. पुसू नका, पुसल्याने डाग पसरतो. घडी कोरडी येऊ लागली की मग मगभर गार पाणी ओता आणि तेही असंच टिपून घ्या. असं दोन-तीनदा केल्यावर एन्झाइमचं द्रव टाकून ओल्या फडक्याने झाकून ठेवा.

जुना डाग: पहिला टप्पा, धुणं

वर पांढरी भुकटी दिसत असेल तर ती आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा आणि फेकून द्या. तोंडाला फडकं बांधा. ही भुकटी म्हणजे बाहेर आलेले क्षार आहेत. त्यांच्यावर पाणी ओतलं तर ते विरघळून परत विटेत जातात.

मग चार लिटर कोमट पाण्यात एक चमचा, साधारण ५ मिली, भांडी घासायचा सौम्य साबण टाका. नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ब्रशने विटा आणि खास करून सांधे घासा. साबण जास्त घालू नका. त्याचा थर छिद्रांची तोंडं बंद करतो आणि पुढचं औषध वरच राहतं. फेस संपेपर्यंत साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा. प्रत्येक वेळी पाणी निथळू द्या किंवा ओल्या कचऱ्याच्या व्हॅक्यूमने ओढून घ्या. असा व्हॅक्यूम मिळाला तर जरूर वापरा. उघड्या विटेवर तो ब्रशपेक्षा जास्त कामाचा ठरतो, कारण तो छिद्रांतलं पाणी घाणीसकट बाहेर खेचतो.

एक-दोन तास थांबा. वीट ओलसर हवी, पण वर पाणी साचलेलं नको. अगदी कोरडी वीट एन्झाइमचं द्रव पृष्ठभागाजवळच पिऊन टाकते. पूर्ण भरलेल्या विटेत ते शिरायला जागाच नसते.

दुसरा टप्पा: एन्झाइम

पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी म्हणून मिळणारं एन्झाइम किंवा जिवाणूयुक्त द्रव घ्या. बाटली चांगली हलवा, तळाशी गाळ असतो आणि कामाचा भाग तोच. लेबलवर पाणी मिसळायला सांगितलं नसेल तर मिसळू नका.

प्रमाणाचा अंदाज असा. उघड्या विटांच्या एका चौरस मीटरला दीड ते दोन लिटर द्रव लागतो. ऐकायला जास्त वाटतं, पण विटेची भूक आधी पाहिलीच आहे. फवारू नका, मगाने किंवा झारीने हळूहळू ओता. आधी डागाच्या बाहेरच्या रेघेवर, मग आत येत मध्यापर्यंत. मध्यातून सुरुवात केली तर घाण बाहेरच्या कोऱ्या विटांकडे ढकलली जाते. द्रव आत गेलं की पाच मिनिटांनी पुन्हा थोडं ओता, वीट पिणं थांबवेपर्यंत.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. उन्हात विटेचा वरचा थर अर्ध्या तासात वाळतो आणि काम तिथेच थांबतं. म्हणून लगेच वर ओलं सुती कापड अंथरा, त्यावर प्लास्टिकचा कागद, कडांवर वजन. ताज्या डागाला १२ तास, जुन्याला २४ ते ४८ तास. गार हवेत, १५ अंशांच्या खाली, वेळ दुप्पट धरा. जिवाणू थंडीत आळसावतात. ४५ अंशांच्या वर तापणाऱ्या ओट्यावर संध्याकाळी काम सुरू करा.

उभ्या भिंतीवर द्रव ओघळून जातं. तिथे कागदी टॉवेलचे जाड थर द्रवात भिजवून भिंतीला चिकटवा आणि वर प्लास्टिक चिकटपट्टीने लावा. टॉवेल कोरडे पडू लागले की वरच्या कडेने थोडं द्रव सोडत राहा.

पहिल्या एक-दोन दिवसांत वास वाढला तर घाबरू नका. युरिया फुटतोय, अमोनिया बाहेर पडतोय. खिडक्या उघड्या ठेवा, प्राण्याला तिथे जाऊ देऊ नका. अनेकजण नेमक्या याच वेळी धीर सोडून वरून फिनाइल ओततात. त्याने जिवाणू मरतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

झाकण काढल्यावर वीट धुवू नका, नुसती वाळू द्या. पंखा लावा. जाड विटेला आतून वाळायला तीन दिवस ते आठवडा लागतो, आणि तोवर वासाचा निर्णय करायचा नाही. पूर्ण वाळल्यावर कोमट पाण्याचा हलका फवारा मारून वास घ्या. काहीच आलं नाही तर थांबा. कमी झाला पण उरला असेल तर तीच क्रिया पुन्हा करा. वर्षानुवर्षांच्या जागेला तीन फेऱ्या लागणं नेहमीचं आहे. पहिल्या फेरीनंतर काडीचाही फरक नसेल तर जागा चुकली, द्रव पोचलं नाही किंवा आधीच्या फिनाइल-ब्लीचचा अंश विटेत शिल्लक आहे. शेवटच्या शक्यतेसाठी दोन दिवस नुसतं पाण्याने धुवा आणि मग परत करा.

तिसरा टप्पा: उरलेला रंग

एन्झाइमची वेळ पूर्ण होऊन वीट वाळल्यावरच हा टप्पा घ्या. ऑक्सिजन सोडणारे पदार्थ जिवाणू मारतात, म्हणून दोन्ही एकाच दिवशी चालत नाहीत.

छोट्या डागाला औषधांच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. ५०० मिलीमध्ये दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा भांड्यांचा साबण मिसळा, लगेच ओता आणि १५ मिनिटांनी धुवा. हे मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका. आतून वायू सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका भांड्यात कधीच एकत्र करू नका, त्यातून पेरअॅसिटिक आम्ल तयार होतं आणि ते त्वचा व डोळे भाजतं. मांजराच्या वासावर पेरॉक्साइडचा आणखी एक उपयोग आहे. ते गंधकाची दुर्गंधी संयुगं ऑक्सिडाइज करतं आणि त्यांचा वास मोडतो.

मोठ्या ओट्याला सोडियम परकार्बोनेट सोयीचं पडतं. कपड्यांच्या डागांसाठी ऑक्सिजन ब्लीच म्हणून विकली जाणारी पांढरी भुकटी तीच. ४० ते ५० अंश गरम अशा चार लिटर पाण्यात ६० ग्रॅम विरघळवा, ओल्या विटेवर पसरवा, २० मिनिटं ओली ठेवा, ब्रश फिरवा, धुऊन टाका. हे पाणी काही तासांतच निकामी होतं, तेव्हा लागेल तेवढंच बनवा. त्यातून सोडियम कार्बोनेट मागे राहतं, म्हणून धुताना कंजूषी नको. रंगवलेल्या विटेवर किंवा गडद विटेवर आधी कोपऱ्यात तळहाताएवढी जागा करून बघा. वाळल्यावरच रंगातला फरक दिसतो.

चौथा टप्पा: क्षार ओढणारा लेप

दमट हवेत डाग ओला दिसत असेल किंवा पांढरी भुकटी पुन्हा येत असेल तरच हा टप्पा लागतो. पण जिथे लागतो तिथे याला पर्याय नाही.

पांढरी चिकणमाती, म्हणजे केओलिन, सर्वांत चांगली. मुलतानी माती चालते, पण तिचा पिवळा रंग फिकट विटेत उतरू शकतो. दोन भाग मातीत एक भाग भिजवून पिळलेला कागदाचा लगदा मिसळा. लगद्यासाठी पांढरा, छपाई नसलेला कागद घ्या. पाणी शक्यतो डिस्टिल्ड, कारण आपल्याला विटेत नवे क्षार घालायचे नाहीत. भिंतीवर थापला तर घसरू नये इतका घट्ट लेप हवा.

वीट डिस्टिल्ड पाण्याने भिजवा, तिच्यावर एक पातळ टिश्यू कागद लावा म्हणजे लेप नंतर सहज निघेल, आणि लेप ८ ते १० मिलीमीटर जाड थापा. हाताने दाबून मध्ये हवा राहू देऊ नका. लेप टेकला नाही तिथे काही ओढलं जात नाही. पहिले २४ तास प्लास्टिकने झाका, त्या वेळात आतले क्षार विरघळतात. मग प्लास्टिक काढून टाका. पाणी आता लेपाच्या पृष्ठभागातून उडू लागतं, विटेतलं पाणी क्षार घेऊन लेपाकडे येतं आणि क्षार मातीत राहतात. लेप पूर्ण वाळून तडकेपर्यंत तीन ते सात दिवस हात लावू नका. झाकण काढायलाच विसरलात तर मात्र काहीही होणार नाही, क्षार जिथल्या तिथे राहतील.

वाळलेला लेप लाकडी पट्टीने सोडवा, उरलेली माती कोरड्या ब्रशने झाडा. काम झालं का हे बघायला त्यातला एक ढेकूळ बरणीत घालून कोमट पाणी टाका, झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडून वास घ्या. वास आला तर ताजा लेप बनवून दुसरी फेरी करा. जुना लेप परत वापरू नका.

सांधे आणि विटांखालची वाळू

विटेतला वास गेला आणि तरीही तो कुठूनतरी येत असेल तर सांध्याकडे बघा. भुसभुशीत, नखाने निघणारा मसाला लघवी स्पंजासारखा धरून ठेवतो आणि तो साफ होत नाही. तो १५ ते २० मिलीमीटर खोल कोरून काढा, फट ब्रशने स्वच्छ करा, एन्झाइम ओतून वाळू द्या आणि नव्याने दर्जा भरा, म्हणजे सांध्यात नवा मसाला दाबून बसवा. जुन्या, मऊ विटांना एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. अलीकडच्या कडक विटांना एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. नुसत्या सिमेंटचा कडक मसाला मऊ विटेत भरला तर ओलावा सांध्यातून न निघता विटेतून निघू लागतो आणि विटेचेच पापुद्रे सुटतात.

वाळूवर नुसत्या मांडलेल्या विटांचं काम वेगळं आणि खरं तर सोपं. लघवी फटींतून खाली जाऊन वाळूत साचते, म्हणून वरून कितीही धुतलं तरी उपयोग नाही. डागाच्या विटा आणि चारी बाजूंची एकेक रांग उचला. खालची पाच सेंटिमीटर वाळू काढून टाका, वास त्याहून खोल असेल तर आणखी. खड्ड्यात एन्झाइम ओतून दिवसभर झाकून ठेवा, नवी वाळू भरून दाबा, पातळी मिळवा. काढलेल्या विटा बादलीत एन्झाइमच्या द्रवात रात्रभर बुडवता येतात, आणि सहाही बाजूंनी द्रव आत जाण्याचा हा एकच मार्ग आहे. एवढं करूनही एखादी वीट वास मारत असेल तर ती बदला. एका विटेसाठी पाचवी फेरी करण्यापेक्षा ते शहाणपणाचं.

सीलर शेवटी, आणि घाईने नाही

सीलर वास घालवत नाही. आत वास असताना लावला तर तो आत कोंडतो आणि मग औषधही आत जाऊ शकत नाही. फवाऱ्याची चाचणी दोनदा, आठवड्याच्या अंतराने, स्वच्छ आली की मगच डबा उघडा.

विटेसाठी सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचा, आत मुरणारा सीलर घ्या. तो छिद्रांच्या भिंतींना पाणी झटकायला लावतो, पण वाफ जाऊ देतो. वर चकचकीत थर देणारे अॅक्रिलिक सीलर इथे नकोत. खालून येणारी ओल त्यांच्यामागे अडकते, क्षार तिथेच स्फटिक होतात आणि विटेचा वरचा थर पापुद्र्यासारखा उडतो. पायातून ओल चढणाऱ्या भिंतीला कुठलाच सीलर लावू नका, आधी ओल थांबवा.

सलग दोन-तीन कोरडे दिवस मिळाल्यावर खालून वर भरपूर लावा, आणि पहिला हात ओला असतानाच दुसरा द्या. साचलेलं द्रव दहा मिनिटांत पुसून घ्या, नाहीतर पांढरट डाग राहतात. प्राण्याला निदान २४ तास दूर ठेवा. सीलर लघवीला कायमची अडवत नाही. ती आत जाण्याआधी टिपून घ्यायला वेळ देतो, एवढंच. वर्षातून एकदा चमचाभर पाण्याची तीच जुनी चाचणी घ्या. थेंब आत जाऊ लागले की नवा हात द्यायची वेळ झाली.

घरातल्या उघड्या विटांच्या भिंतीला यातलं काहीच लागू पडलं नाही तर शेलॅकवर, म्हणजे लाखेवर, आधारलेला प्रायमर वास बंद करतो. त्यानंतर ती वीट उघडी राहत नाही, रंगवलेली भिंत होते, आणि ते परत फिरवता येत नाही. बाहेरच्या किंवा ओल असलेल्या भिंतीवर हा उपाय करू नका.

साफ केलेल्या जागेवर प्राणी पुन्हा येत असेल तर दोन शक्यता असतात. एक तर तुम्हाला न येणारा वास त्याला अजून येतोय, म्हणजे पायथ्याचा कोपरा आणि सांधे परत तपासा. नाहीतर त्याला काही त्रास होतोय. नीट सवय लागलेलं जनावर अचानक भलत्या जागी, थोडंथोडं, वारंवार करू लागलं तर विटेआधी पशुवैद्याकडे जा. आणि बोका जोर करतोय पण थेंबही येत नाही असं दिसलं तर त्याच तासाला निघा. मूत्रमार्ग अडला असेल तर त्याच्या जिवावर बेततं.